साठ चमचे, एक हेलिकॉप्टर

कर्वेनगर, पुणे
२ ऑगस्ट १९९९

सौ. मुक्तास,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण सध्याच्या परिस्थितीत तू ते घेशीलच याची खात्री नाही, म्हणून नुसता नमस्कार.

गेल्या महिन्यात अमरावतीला, तुझ्या माहेरी, मी चार वेळा फोन केला. चारही वेळा तुझा भाऊ रंगनाथ म्हणाला, "ताई देवळात गेली आहे." त्यातला एक फोन दुपारी अडीचचा होता. अमरावतीचे देव दुपारीही आडवे होत नाहीत हे मला माहीत नव्हतं. एसटीडीचं मीटर पळत असताना रंगनाथकडून त्याच्या गुडघ्याची हकीकत ऐकण्यापेक्षा पत्र बरं, असं मी ठरवलं आहे.

इकडे सर्व ठीक. वरणभात मला जमतो. पोळ्या जमत नाहीत, पण त्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात मिळतात. पूर्णिमा सकाळी आठला कंपनीच्या बसने जाते आणि उशिरा परत येते, कारण येत्या ३१ डिसेंबरला सगळ्या जगाचे संगणक बंद पडू नयेत याची जबाबदारी तिच्या आणि दिग्विजयच्या टीमवर आहे म्हणे. आपली मुलगी जगाचे संगणक सांभाळते आणि बापाशी बोलत नाही. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहून फ्रिजला लावते. कालची चिठ्ठी: "बाबा, आज लेट होईल. जेवून घ्या. आणि प्लीज, दिग्विजयच्या घरी फोन करू नका." मी करणार नव्हतोच.

पूर्णिमा आणि दिग्विजयच्या साखरपुड्याबद्दल मला पुन्हा काही लिहायचं नाही. फक्त नोंद राहावी म्हणून लिहितो. सोसायटीचे साठ चमचे मी रजिस्टरवर सही करून आणले होते. जेवणं झाल्यावर मोजले, तर एकोणसाठ भरले. मी दार लावलं आणि पाहुण्यांना नम्रपणे सांगितलं की चमचा सापडेपर्यंत कोणी जाऊ नये. यात अपमान कुठे आला? पंधरा वर्षं हवाई दलात फिटर म्हणून मी हेच केलं. काम संपलं की हत्यारं मोजायची. एक जरी कमी भरलं तरी हँगरमधून माणूस हलत नाही, मग तो कोणीही असो. दिग्विजयचे वडील दत्तोबा मोठे जमीनवाले असतील, त्यांच्याबरोबर चाळीस माणसं असतील, त्यांच्या मातोश्री तुळजाबाई ऐंशीच्या असतील, पण चमचा काही माणसाचं वय बघून हरवत नाही. सव्वा तासाने तो सतरंजीखाली सापडला, मी सर्वांचे आभार मानले आणि दार उघडलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून निरोप आला की लग्नाचं पुढं बघू. आणि आठ दिवसांनी तू पिशवी भरलीस. त्या आठ दिवसांत तू एक शब्द बोलली नाहीस, नुसती माझ्याकडे बघत राहायचीस. मला वाटलं, दाढ दुखत असेल.

असो. पत्र खरं तर वेगळ्याच कारणासाठी लिहितो आहे. नदीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक हेलिकॉप्टर आलं आहे. साधंसुधं नाही, एमआय-फोर. ज्याच्यापायी मी आपल्या हळदीला पोचलो नव्हतो, तेच. तू ते कधी पाहिलं नाहीस म्हणून सांगतो. याला मोटारीसारखं पिस्टनचं इंजिन असतं, चौदा सिलिंडरांचं, आणि ते थेट नाकात. पायलट त्या इंजिनाच्या वरच्या अंगाला, माडीवर बसल्यासारखा बसतो. मागचं पोट कपाटासारखं उघडतं आणि आत अख्खी जीप जाते. वीसेक वर्षांपूर्वी ही मशीन्स निकालात निघाली. त्यातलं एक मुलांना शिकायला म्हणून कॉलेजने मिळवलं आणि ट्रेलरवर घालून आणलं.

पाती काढलेली आहेत, रंग उडाला आहे, एक काच फुटली आहे. मी फाटकापाशी उभा होतो. ते वळण घेऊन आत येताना दिसलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे रंगनाथला सांगू नकोस.

मी हवाई दलातला फिटर हे कळल्यावर प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "खोडके, खंडेनवमीपर्यंत याचं इंजिन चालू होईल का?" मी हो म्हणून बसलो आहे.

तुझा (निदान रेशनकार्डावर तरी),
कोंडीराम


२९ ऑगस्ट १९९९

सौ. मुक्तास,

उत्तर आलं नाही. टपालखात्याचा घोळ असेल असं धरून चालतो.

काम जोरात आहे. नाकाची दारं उघडली तेव्हा इंजिनावर चिमण्यांची सात घरटी निघाली. मशीन नुसतं उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. ते तसंच ठेवून कोणी बटण दाबलं, तर तेल काही दबत नाही, लोखंड वाकतं. म्हणून आधी खालचे प्लग काढायचे, तेल गळू द्यायचं आणि दांडा लावून इंजिन हाताने सावकाश फिरवायचं. मुलांना हे पटेना. एकाने विचारलं, "सर, याचं मॅन्युअल नेटवर मिळेल का?" मी म्हटलं, "मॅन्युअल तुझ्यासमोर उभं आहे. फिरव दांडा."

वायरसाठी बुधवार पेठेत गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, "कशाला हवी आहे?" मी खरं ते सांगितलं, "हेलिकॉप्टरला." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हेलिकॉप्टरचं आम्ही ठेवत नाही." मला हवी ती वायर त्याच्या डोक्यावर लटकत होती. मी बाहेर जाऊन चहा प्यायलो, परत आलो आणि तीच वायर स्कूटरसाठी म्हणून मागितली. लगेच मिळाली.

कार्यशाळेच्या भिंतीवर मी एक फळा लावला आहे. त्यावर बेचाळीस हत्यारं, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचाच आकार लाल रंगात काढलेला. हत्यार उचललं की लाल दिसतं. संध्याकाळी घरी जाताना फळ्यावर लाल दिसता कामा नये. पहिल्याच दिवशी एक पेचकस कमी भरला आणि मी तीस मुलांना दोन तास बसवलं. दुसऱ्या दिवशी बारा आली. ती बारा चांगली आहेत.

तू मला पूर्वी विचारायचीस की हे मोजायचं वेड कुठून आलं. मी कधी धड उत्तर दिलं नाही. आता वेळ आहे म्हणून सांगतो. चोवीस वर्षांचा होतो, आसामात. एका मशीनचं काम संपवून मी सही केली. हत्यारं मोजली नाहीत, कारण जेवायची वेळ झाली होती आणि त्या दिवशी मटण होतं. दुसऱ्या दिवशी ते मशीन सात जवान घेऊन उडालं आणि अर्ध्या वाटेत पायलटच्या हातातला दांडा हलेना. त्याने कसंबसं ते भाताच्या खाचरात उतरवलं. कोणाला काही झालं नाही. संध्याकाळी तो चिखलाने भरलेला आमच्या टेबलाशी आला, खिशातून एक पकड काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कोणाची?" मी म्हणालो, "माझी." चौदा दिवसांची शिक्षा झाली. शिक्षेचं काही नाही. त्याने आवाज चढवला नाही, याची मला अजून लाज वाटते.

एक सांगायचं राहिलं. कॉलेजची जागा मूळची दत्तोबांची आहे आणि ते तिथे विश्वस्त आहेत. खंडेनवमीचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते आहे. हे मला काम घेतल्यानंतर कळलं.

कोंडीराम


२० सप्टेंबर १९९९

सौ. मुक्तास,

तुझं पार्सल पोचलं. चकल्या, लोणच्याची बरणी, आणि वर चिठ्ठी: "पूर्णिमासाठी." म्हणजे टपालखातं व्यवस्थित चालू आहे. बरणीला मी हात लावलेला नाही. वासावरून लिंबाचं असावं.

आपला गणपती मी बसवला. आरतीला मी एकटाच होतो, कारण पूर्णिमाला सुट्टी मिळाली नाही. टाळ वाजवू की ताम्हन धरू हे ठरेना, शेवटी टाळ खाली ठेवले.

काल पूर्णिमा चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलली. मी फक्त विचारलं होतं की दिग्विजय काय म्हणतो. ती म्हणाली, "बाबा, तो आजीला खूप अटॅच्ड आहे. तुम्ही तिला सगळ्यांसमोर चंची उलटी करायला लावलीत. तिची सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी, सगळं बाहेर. त्याच्या पप्पांना तेच लागलंय. मी लग्न केलं तर त्याच्याशीच करणार, नाहीतर कोणाशीच नाही. हे तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच फिक्स करा." आणि खोलीचं दार लावून घेतलं. रडत होती. बाहेर ऐकू येत होतं.

मी काय फिक्स करू? "माझं चुकलं" म्हणायला मला कमीपणा वाटत नाही, पण चुकलेलं नसताना कसं म्हणायचं, एवढाच मुद्दा आहे.

मागच्या पत्रात एक वाक्य पूर्ण खरं नव्हतं. विश्वस्तांच्या यादीत दत्तोबांचं नाव पाहूनच मी हे काम घेतलं. मला वाटलं, एवढं मोठं इंजिन त्यांच्यासमोर धडधडायला लागलं की त्यांचा राग आपोआप उतरेल. काल इंजिन हाताने पूर्ण फिरलं, चौदाही सिलिंडर मोकळे झाले. दत्तोबांचं काय होईल ते माहीत नाही.

कोंडीराम

ता. क. बरणी उघडली. लिंबाचंच आहे.


१९ ऑक्टोबर १९९९, दसरा

सौ. मुक्तास,

सोनं घेऊन सोन्यासारखी राहा. आणि हे पत्र बसून वाच.

कालचा कार्यक्रम तू बघायला हवा होतास. कॉलेजचं मैदान भरलेलं, मांडव, बँड, समोर हेलिकॉप्टर धुऊन पुसून उभं. पहिल्या रांगेत दत्तोबा, पांढरंशुभ्र धोतर, सदरा, फेटा. त्यांच्या मागे तीच चाळीस माणसं. एकही माझ्याकडे बघत नव्हतं.

खंडेनवमी म्हणून आधी हत्यारांची पूजा. माझ्या फळ्यावरची बेचाळीस हत्यारं काढून पाटांवर मांडली. दत्तोबांनी प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, मग मशीनच्या नाकापाशी जाऊन नारळ फोडला. सगळं यथासांग. पूजा आटोपल्यावर हत्यारं परत फळ्यावर लावली आणि मी पाहिलं, तर एक लाल आकार उघडा. सतराचा पाना नव्हता.

मी वर चढायचा तो थांबलो. प्राचार्य धावत आले. "खोडके, मान्यवर बसले आहेत, चालू करा." मी म्हटलं, "बसू द्या, बसायलाच बोलावलं आहे. एक पाना कमी आहे." ते म्हणाले, "अहो, नंतर शोधू." मी म्हटलं, "नंतर तो आपल्याला शोधेल." त्यांच्या हातात चालू माइक होता हे माझ्या लक्षात आलं नाही. "एक पाना कमी आहे" हे अख्ख्या मैदानाने ऐकलं.

मुक्ता, पुढचं खरं सांगतो, यात मीठमसाला नाही. दत्तोबांची चाळीस माणसं एकदम उभी राहिली आणि आपणहून खिसे उलटे करायला लागली. बायकांनी पर्सेस उघडल्या. एका म्हाताऱ्याने फेटा सोडला. त्यांना अनुभव होता. बाकीचं मैदान बघत राहिलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, पण मशीन चालू करावंसं वाटलं नाही.

दत्तोबा सावकाश उठले. म्हणाले, "कसला पाना?" मी हाताने लांबी दाखवली. त्यांचा चेहरा लाल झाला.

"त्यो व्हय? त्यो म्या ठिवला. म्होरल्या पंख्यात, फुलासकट. आमच्यात टॅक्टरची पूजा झाली का पाना इंजनावर ठिवत्यात."

इंजिन थंड ठेवायला त्याच्या पुढ्यात एक भला मोठा पंखा असतो. मी हात घालून पाहिलं, तर पंख्याच्या पात्यांमध्ये सतराचा पाना आणि त्यावर झेंडूचं फूल. इंजिन चालू झालं असतं तर तो पाना पहिल्या रांगेत कोणाला लागला असता, ते मी सांगत बसत नाही. पहिल्या रांगेत कोण होतं ते वर लिहिलं आहे.

दत्तोबांनी प्राचार्यांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "समद्यांनी ऐका. चूक माझी हाय. ह्या मानसानं थांबवलं म्हनून बरं झालं." आणि जाऊन बसले. बस, एवढंच. तीन वाक्यं.

मग मी वर चढलो. पहिल्या वेळी नुसता खोकला आला. दुसऱ्या वेळी नाकातून निळा-काळा धूर निघाला, खुर्च्या हादरल्या आणि चौदाही सिलिंडर बोलायला लागले. मी दीड मिनिट चालवलं आणि बंद केलं. मुलं नाचत होती. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या धोतरांवर तेलाचे ठिपके उडाले होते, पण कोणी तक्रार केली नाही.

खाली उतरलो तर दत्तोबा वाट बघत होते. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "खोडकेसाहेब, त्या दिवशी लई राग आला व्हता. आज कळलं. तुमी बरोबर व्हता." दिवाळीनंतर तारीख काढू म्हणाले.

तर हे असं आहे. ज्यांचा अपमान झाला तेच म्हणतात की मी बरोबर होतो. आता तुझी काय हरकत आहे? शनिवारची गाडी धर.

कोंडीराम


२१ ऑक्टोबर १९९९

मुक्ता,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हापासून मला चैन नाही. पोस्टमनला गाठून परत मागितलं. तो म्हणाला, नियमात बसत नाही. नियम मलाच सांगतात सगळे.

पूर्णिमाने काल मला घट्ट मिठी मारली आणि "बाबा, सॉरी" म्हणाली. मी "असू दे, असू दे" म्हणालो. असं म्हणणारा बाप तू पाहिला नाहीस हे बरं.

साखरपुड्याच्या दिवशी श्रीखंड आंबट झालंय का बघायला मी आत गेलो होतो. एक चमचा चाखला, तेवढ्यात दत्तोबांनी हाक मारली, म्हणून चमचा कोटाच्या आतल्या खिशात घातला. कामावर पेचकस घालायचो तसा. आणि विसरलो.

हे दार लावायच्या आधीचं. दार लावल्यावर वीसेक मिनिटांनी घाम पुसायला मी रुमाल काढायला गेलो आणि हाताला चमचा लागला. तुळजाबाईंची चंची तेव्हा उलटी व्हायची होती. मी "थांबा" म्हणू शकलो असतो. चाळीस माणसं खिसे झटकत होती, मी त्यांना शिस्तीवर भाषण देऊन चुकलो होतो, आणि मला तोंड उघडवलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्या ऐंशी वर्षांच्या बाईने सुपारीचं खांड न् खांड बाहेर काढून दाखवलं. मी "आभारी आहे" म्हणालो. त्यानंतर पाऊण तास सगळे वाकून चमचा शोधत होते, त्यांच्याबरोबर मीही शोधत होतो. शेवटी सतरंजीची कड उचलताना मीच तो खाली सरकवला आणि मीच काढला.

हे कोणाला माहीत नाही. कोणाला कळलंही नसतं. पण खंडेनवमीला दत्तोबा माइक घेऊन उभे राहिले. चारशे माणसं होती, त्यांच्याच जागेवर, त्यांच्याच हस्ते समारंभ. एक क्षण गप्प राहिले असते तर पाना पंख्यात कसा गेला हे कोणी विचारलं नसतं. तरी म्हणाले, चूक माझी. आणि पुन्हा माझे हात धरून म्हणाले, तुम्ही बरोबर होता. ते मी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि वर पेढा खाल्ला.

चोविसाव्या वर्षी मला "माझी" म्हणता आलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी आलं नाही. मला स्वतःची शरम वाटते, मुक्ता. त्यापेक्षा जास्त शरम याची वाटते की हे सांगायला मी तू पाचशे-सहाशे किलोमीटर लांब जाईपर्यंत थांबलो.

रविवारी मी दत्तोबांकडे जाणार आहे. लग्न मोडलं तर पूर्णिमाला मी काय सांगू हे मला माहीत नाही. पण न सांगता जमवलेलं लग्न मला बघवणार नाही.

कोंडीराम


२५ ऑक्टोबर १९९९

मुक्ता,

जाऊन आलो.

दत्तोबा अंगणात नव्या ट्रॅक्टरपाशी उभे होते. मी बसायच्या आधीच सगळं सांगितलं, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा आला असता तर माझी हिंमत गेली असती. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"आईनं चंची उलटी क्येली, तवा चमचा कुठं व्हता?"

"माझ्या खिशात."

ते ट्रॅक्टरच्या टायरकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. पूर्णिमाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. मग ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग? आत जा. तिला सांगा."

तुळजाबाई आत पलंगावर सुपारी कातरत होत्या. मी त्यांच्या पायापाशी खाली बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी कातरणं थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही गोष्ट तू कुनाकुनाला सांगितलीस?"

मी म्हटलं, "बायकोला पत्राने, दत्तोबांना, आणि आता तुम्हाला."

"मंग माझी बी पंचाईत क्येलीस," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी चंची उलटी क्येली, तवा तळाला माझ्या कानातल्या कुडीची फिरकी घावली. दोन वरसं सुनेच्या नावानं खडं फोडत व्हते, का हिनंच हरवली म्हनून. गपकन मुठीत झाकली. आजपत्तुर कुनाला बोलले न्हाई. आता तू येवढा बाप्या मानूस कबूल झालास, तर मला गप ऱ्हाता यील का?"

एवढं बोलून त्यांनी आतल्या घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, आणि मला म्हणाल्या, "तू आता भायेर जा. हे घरातलं हाय."

मी बाहेर येऊन दत्तोबांच्या शेजारी उभा राहिलो. आतून आधी काही ऐकू येईना, मग दत्तोबांच्या बायकोचा आवाज चढला, मग बराच वेळ चढलेलाच राहिला. शेवटी दोघीही रडत होत्या की हसत होत्या, ते आम्हा दोघांनाही सांगता येईना. दत्तोबा म्हणाले, "साहेब, तुमचा चमचा लई म्हाग पडला मला." पण हे म्हणताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

लग्न फेब्रुवारीत. त्याआधी दोन्ही मुलांना रजा नाही, जगाचे संगणक आधी सुखरूप नव्या वर्षात जायचे आहेत. दत्तोबांच्या दोन अटी आहेत. भांडी त्यांची आणि मोजणार त्यांची माणसं. आणि मी बिनखिशाचा कोट शिवून घ्यायचा. मी दोन्ही मान्य केल्या आहेत.

पूर्णिमाला मी घरी येऊन सगळं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "बाबा, यू आर इम्पॉसिबल." आणि आत जाऊन दिग्विजयला फोन लावला. तासभर दोघं हसत होती.

आता तुझं. मी "ये" असं लिहीत नाही. लिहायचा हक्क उरला आहे की नाही, ते तू ठरव.

कोंडीराम


६ नोव्हेंबर १९९९
बाहेरची खोली

मुक्ता,

तू काल धनत्रयोदशीला आलीस. रिक्षातून उतरलीस, पूर्णिमाला जवळ घेतलंस, मी पुढे केलेल्या हातात बॅग दिलीस आणि स्वयंपाकघरात गेलीस. तेव्हापासून बाहेर चकलीचा वास येतो आहे आणि तुझा शब्द येत नाही. सकाळी मी दोनदा आत डोकावलो. दोन्ही वेळा तू झाऱ्याने मला बाजूला हो अशी खूण केलीस.

म्हणून हे पत्र. पूर्णिमा आत आणून देईल. ती मघापासून हसते आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

माझी पत्रं सगळी पोचली ना? २१ तारखेचं विशेषकरून? त्यात सगळं आहे. आणखी काही लपवलेलं उरलेलं नाही, मी सगळीकडे तपासून पाहिलं. तरी तू बोलत नाहीस, तर आणखी काय करायचं ते मला सांग. मी करीन. पाच महिने या घरात रेडिओ मोठ्याने लावून जेवलो, कारण शांततेत घास उतरत नव्हता. मला तुझ्याशिवाय करमत नाही. एकतीस वर्षांत हे वाक्य मी कधी लिहिलं नाही, त्याबद्दलही माफी असावी.

उत्तर मागच्या बाजूला लिहिलं तरी चालेल.

कोंडीराम


(मागच्या बाजूला, पेन्सिलीने)

पत्रं पोचली. सगळी.

चमचा तुमच्या खिशात होता हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कोट घडी करायला घेतला तर आतला खिसा श्रीखंडाने चिकट झालेला. आठ दिवस थांबले. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. सांगितलं नाहीत, म्हणून गेले. मोजण्यापायी नाही गेले. मोजणारा नवरा मी एवढी वर्षं सांभाळलाच की.

चहा ओट्यावर ठेवलाय, तुमचा तुम्ही घ्या. तुम्हाला बोलायला पाच महिने लागले. मला पाडव्यापर्यंत तरी लागू द्या.